खिशातला चाकू

व्यापाऱ्याच्या खिशात काय आहे, यावरून त्याचा काळ ओळखता येतो. पन्नास वर्षांपूर्वी मराठवाड्यातील कोणत्याही मोंढ्यात गादीवर बसलेल्या गृहस्थाजवळ चार वस्तू हमखास सापडत: बंडीच्या आतल्या खिशात नोटांची घडी, सदऱ्याला अडकवलेले शाईचे पेन, कमरेला तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा आणि बाजूच्या खिशात घडीचा चाकू. नोटांचे आणि पेनाचे काम आता मोबाईल करतो, किल्ल्या कपाटात गेल्या. त्यांच्याविषयी जुनी माणसे हळहळून बोलतात. चाकू मात्र केव्हा खिशातून नाहीसा झाला, हे फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, जुन्या मोंढ्यात पन्नास वर्षे धान्याची अडत केलेले एक गृहस्थ आहेत. मोंढ्यात सारे त्यांना अण्णा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. १९६९ साली वडिलांच्या पेढीवर बसू लागले, त्याच आठवड्यात त्यांनी शहागंजच्या बाजारातून एक चाकू विकत घेतला. दुकानदाराने आधी शिंगाच्या मुठीचा चाकू दाखवला होता. दिसायला तो देखणा होता. अण्णांनी तो परत केला आणि शिसवी मुठीचा घेतला. त्याला दीड रुपया कमी पडला, असे ते आजही हसून सांगतात. पण कारण पैशांचे नव्हते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य, म्हणजे हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार येतो. जी वस्तू विकायची नाही, ती खिशात तरी कशाला बाळगायची, एवढाच त्यांचा हिशेब होता.

चाकूचे पाते तीन इंचांचे, साध्या पोलादाचे. गंजू नये म्हणून पोलादात क्रोमियम मिसळण्याची युक्ती इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअरली यांना १९१३ साली साधली आणि त्यातून स्टेनलेस स्टील घरोघरी गेले. साधे पोलाद मात्र ओलाव्याला लगेच गंजते, लिंबू कापले की काळवंडते. त्याच्या बदल्यात ते लवकर पाजवता येते आणि धार बारीक घेते. अण्णांच्या चाकूचे पाते आज राखाडी झाले आहे. पन्नास वर्षे पाजवून त्याची रुंदी निम्म्यावर आली आहे. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या आधी ते पाते कोरड्या फडक्याने पुसायचे, बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडायचा, हा नेम त्यांनी रोकडवही मिळवण्याइतकाच पाळला.

या चाकूला काम काय होते? पहिले काम पोते उघडण्याचे. पाहणाऱ्याला ते सोपे वाटते. पण बारदानालाही बाजारात भाव असतो, आणि फाटलेल्या पोत्याचा भाव निम्मा होतो. शिवलेल्या तोंडाची नेमकी गाठ हेरून तेवढीच कापायची, मग सुतळी एका ओढीत अखंड निघून येते. सुतळीचा गुंडा होतो, पोते शाबूत राहते. नवा पोऱ्या कामाला लागला की अण्णा त्याला महिनाभर चाकू हातात देत नसत. आधी गाठ ओळखायला शिकवत. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल मायलो ज्वारीची पोती त्यांनी याच चाकूने उघडली. त्या वर्षी सांडलेला दाणा झाडूने गोळा करून माणसे पदरात घेऊन जात. पोते फाडून धान्य सांडणे हा तेव्हा निष्काळजीपणा मानला जात नव्हता, ते पाप वाटे.

दुसरे काम गादीवरचे. पेन्सिलीला टोक करणे, पार्सलवरची लाख खरवडणे, बिल्टीच्या पाकिटाची कड सरळ कापणे. बँकेतून आणलेल्या नोटांच्या गड्ड्यांना तेव्हा जाड तारेचे टाचण मारलेले असे; ते नोट न फाडता उचलायला चाकूचे टोकच लागे. २००१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना नोटांच्या गड्ड्यांना टाचण मारणे बंद करण्याचा आदेश दिला, कागदी पट्टी आली, आणि चाकूचे एक काम कमी झाले. क्विंटलच्या पोत्याजागी पन्नास किलोची पिशवी आली. तिची शिवण यंत्राची. एक टोक सोडवून ओढले की सारा दोरा उसवत जातो. अशी एकेक कामे गेली.

तिसरे काम माणसे जोडण्याचे. पैठण-जालन्याकडचा शेतकरी मालाबरोबर चार मोसंबी किंवा दौलताबादचे पेरू घेऊन येई. हिशेबपट्टी होईपर्यंत अण्णा फळ धुऊन, चिरून त्याच्यापुढे ठेवत आणि स्वतःही खात. त्या चाकूने कधी कांदा चिरला नाही, बटाटा चिरला नाही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे चिरायचे नाही, म्हणून त्या दिवशी फळही कापले जात नसे. चाकू सुतळीपुरता बाहेर येई. मोंढ्यातले जुने हमाल त्यावरून तिथी ओळखत, असे सांगतात.

चाकू खिशात बाळगण्याची ही रीत मोंढ्याहून जुनी आहे आणि तिचे मूळ लेखणीत आहे. बोरूने लिहिण्याच्या काळात बोरूचे टोक तिरके कापावे लागे, आणि लिहिता लिहिता ते बोथट झाले की पुन्हा कापावे लागे. म्हणून कारकून, मुनीम, पंतोजी या सर्वांजवळ लहान चाकू असे. फारसी-उर्दूत त्याला ‘कलमतराश’ म्हणतात, कलम तासणारा. निजामाच्या राजवटीत दप्तराची भाषा उर्दू असल्याने हा शब्द मराठवाड्याच्या कचेऱ्यांना अपरिचित नव्हता. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला आजही ‘पेननाइफ’ म्हणतात, तेही पिसाची लेखणी तासण्यावरूनच. ‘चाकू’ हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. म्हणजे मोडी लिपीतल्या खतावणीमागे, तिच्या सुबक वळणांमागे, हे लहानसे पाते उभे होते.

या पात्याची रचनाही समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचा सारा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूला कुलूप नसते. मुठीच्या पाठीला पोलादी पट्टीची कमान असते. पाते उघडले की ही कमान पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबाने ते उघडे राहते. कापताना जोर धारेकडून येतो, तेव्हा पाते स्थिर असते. तोच जोर पात्याच्या पाठीवर किंवा टोकावर वाकडा आला, तर कमान हार मानते आणि पाते धरणाऱ्याच्याच बोटांवर मिटते. उत्तर प्रदेशातील रामपूरचा चाकू याच्या उलट. त्याचे पाते लांब, ते उघडले की खटका बसतो, आणि खटका दाबल्याखेरीज ते मिटत नाही. हिंदी चित्रपटांनी त्याला खलनायकाच्या हातात दिले आणि साऱ्या चाकूंच्या कपाळी तीच प्रतिमा आली. वास्तविक एक कापण्यासाठी घडवलेला, दुसरा भोसकण्यासाठीही चालणारा. दोघांचे नाव एक, जात वेगळी.

ही प्रतिमा या शहरात आणखी गडद झाली ती २०१८ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात शहागंज, राजाबाजार, मोतीकारंजा या भागांत दंगल उसळली, दुकाने जळाली, माणसे दगावली. त्याच महिन्याच्या अखेरीस ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, जंबिये, चाकू शहर पोलिसांनी जप्त केले. घरपोच येणाऱ्या खोक्यांतून शस्त्रे येऊ शकतात, हे शहराने तेव्हा पाहिले. ज्या शहागंजात अण्णांनी आपला चाकू घेतला, तिथेच लोक एकमेकांच्या खिशाकडे संशयाने पाहू लागले. अण्णांनी त्या उन्हाळ्यात चाकू खिशातून काढून पेढीच्या गल्ल्यात ठेवला. कोणी सांगितले नव्हते. पुढे वातावरण निवळले, पण चाकू परत खिशात गेला नाही.

गेल्या वर्षी तो प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि उभा केला नातीने. ती चित्रकलेचे शिक्षण घेते. एके दिवशी ती पेढीवर येऊन म्हणाली, “आजोबा, तुमचा चाकू मला द्याल का?”

“कशाला हवा?”

“कोळशाच्या पेन्सिली शार्पनरमध्ये मोडतात. चाकूने टोक लांब आणि बारीक होतं.” मग थोडे थांबून तिने दुसरे कारणही सांगितले. “आणि संध्याकाळी वर्गातून यायला उशीर होतो, आजोबा. जवळ असला तर बरं वाटेल.”

मुलगा शेजारीच हिशेब पाहत होता. तो म्हणाला, “अण्णा, दिवस बदललेत. नाक्यावर पोलिसांनी पिशवी तपासली तर ती काय सांगणार? आणि आपल्या घरची मुलगी चाकू घेऊन फिरते, हे चांगलं दिसेल का?”

मुलाच्या बोलण्यातील पहिला भाग कायद्याचा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचा चाकू त्या मापात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात आणि त्या काळात शस्त्र म्हणून वापरता येईल अशी वस्तू जवळ बाळगण्यावर बंदी असते. विमानात तर लहान चाकूही हातातल्या पिशवीत चालत नाही. म्हणजे कायदा पात्याबरोबर प्रसंगही मोजतो. बोलण्याचा दुसरा भाग लोकलज्जेचा होता. त्याला अण्णांनी उत्तर दिले नाही. मुलीऐवजी नातू असता तर हा प्रश्न निघाला असता का, एवढेच त्यांनी मुलाला विचारले. मुलगा काही बोलला नाही. अण्णांनी नातीकडे दोन दिवसांची मुदत मागितली.

त्यांच्या मनातली अडचण वेगळी होती. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. विनाकारण घडणाऱ्या पापापासून दूर राहणे, असा त्याचा अर्थ. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘हिंसादान’ आहे: कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, आयुधे, साखळदंड अशी वधाला कारण होणारी साधने दुसऱ्याला देणे. लक्षात घेण्यासारखे हे की या यादीत तलवारीशेजारी कुदळही आहे. वस्तू अवजार आहे, एवढ्याने देणाऱ्याची सुटका होत नाही. घेणारा ती कशासाठी घेतो आहे, हे पाहणे देणाऱ्याचे कर्तव्य ठरते. व्यापाऱ्याला हा विचार परका नाही. उधारी देताना तो माल पाहत नाही, माणूस आणि त्याचा हेतू पाहतो.

दुसरीकडे, गृहस्थाला सर्वथा अहिंसा शक्य नाही, हेही परंपरेने प्रांजळपणे मान्य केले आहे. हिंसेचे चार प्रकार पाठशाळेत शिकवले जातात: घरकामात अटळपणे होणारी आरंभी, व्यवसायात होणारी उद्योगी, संरक्षणासाठी करावी लागणारी विरोधी आणि ठरवून केलेली संकल्पी. गृहस्थ संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडतो, इतर तीन कमीत कमी ठेवतो. मुनी त्याही सोडतात. म्हणून तर ते वस्तरा किंवा कात्री न वापरता केशलोच करतात, पात्यावर अवलंबून राहत नाहीत. सुतळी कापणारा आणि फळ चिरणारा चाकू आरंभी-उद्योगीच्या मर्यादेत बसतो. स्वसंरक्षणाचा चाकू? तो विरोधी हिंसेत बसेल, आणि गृहस्थाला त्याची मुभा आहे, असे कोणी म्हणेल. अण्णांना ते पूर्ण पटेना. हल्ला झाल्यावर जिवाच्या आकांताने केलेला प्रतिकार वेगळा आणि रोज सकाळी ‘आज कोणाला तरी भोसकावे लागेल’ या तयारीने पिशवी भरणे वेगळे. पहिल्यात हिंसा प्रसंगाने येते. दुसऱ्यात ती मनात आधीच राहायला आलेली असते. शास्त्राने त्यालाच भावहिंसा म्हटले आहे.

मुदत संपली, तेव्हा त्यांनी नातीला पेढीवर बोलावले, चाकू उघडला आणि पात्याची पाठ लाकडी पेटीच्या कडेवर दाबली. कमान कुरकुरली आणि पाते मिटू लागले. “हा समोरच्याला लागण्याआधी तुझ्याच बोटांवर मिटेल,” ते म्हणाले. “पेन्सिलीसाठी मागत असशील तर हा तुझाच. भीतीसाठी मागत असशील तर तुला खोटा माल विकल्यासारखं होईल.”

भीती खोटी आहे, असे मात्र ते म्हणाले नाहीत. तिची व्यवस्था त्यांनी मुलावर सोपवली. उशीर होणाऱ्या दिवशी घरातले कोणीतरी न्यायला जाईल. नाही जमले तर तीन मैत्रिणी एकत्र निघतील. ११२ हा क्रमांक कसा वापरायचा हे साऱ्या घराने शिकून घेतले. मुलगी चाकू घेऊन फिरते म्हणून लोक काय म्हणतील, याची काळजी करणाऱ्या घराने ती एकटी का फिरते, याची काळजी आधी करायला हवी होती, हे मुलालाही मान्य झाले.

चाकू नातीकडे गेला, पण काही अटींवर. तो पर्समध्ये राहणार नाही, चित्रकलेच्या पेटीत पेन्सिलींबरोबर राहील. शहरात बंदोबस्त असेल त्या दिवशी घरीच राहील. कापताना धार शरीराच्या बाहेरच्या दिशेला. दुसऱ्याला देताना मिटवून द्यायचा. आणि धार कधी बोथट होऊ द्यायची नाही, कारण बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो आणि जखम करतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो. न पाजवलेला चाकू हा प्रमादाचा घरगुती नमुना होय. दगडावर पात्याची कड पंधरा ते वीस अंशांत तिरकी धरून दोन्ही बाजूंनी सारख्या फेऱ्या कशा घ्यायच्या, हे शिकवण्यात अण्णांचा एक रविवार गेला. वापर नसताना पाते उगाच उघडमीट करायचे नाही, हेही सांगितले गेले. रिकामी कातर चालवली की घरात भांडण होते, असे जुन्या बायका म्हणत. त्या समजुतीतला शहाणपणाचा भाग एवढाच.

हा पेच एका घरापुरता नाही. स्वित्झर्लंडमधील इबाख गावी कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला, १८९१ साली स्वीस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली, जर्मनीच्या स्वस्त मालाशी झुंजताना कर्जात बुडाले, आणि १८९७ साली नव्या घडणीच्या चाकूने पुन्हा उभे राहिले. आईच्या नावावरून ‘व्हिक्टोरिया’ आणि पुढे न गंजणाऱ्या पोलादावरून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव झाले. घराण्याची ही पेढी आजही घराण्याकडेच आहे. २००१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेवर विमानहल्ले झाले, विमानतळांवर चाकू बंद झाले आणि त्यांचा मोठा धंदा एका रात्रीत बसला. तरी त्यांनी कामगारांना घरी बसवले नाही. २०२४ साली त्याच कंपनीने जगभर कडक होत चाललेल्या नियमांमुळे पात्याविनाही खिशातले अवजार बनवण्याचा विचार बोलून दाखवला. शंभर वर्षांहून अधिक काळ पात्यावर जगलेल्या घराण्यालाही हा प्रश्न चुकला नाही.

नवकारशीला घरात असणाऱ्या अण्णांना हल्ली मोंढ्यात जावे लागत नाही. धान्याचा मोठा व्यवहार जाधववाडीला गेला, पेढी मुलगा पाहतो. मुलाची अस्वस्थता पूर्ण गेलेली नाही. नात घरी येईपर्यंत तो दोनदा फोन करतो. पण चाकूविषयी त्याने पुन्हा विषय काढलेला नाही. नातीच्या पेटीत पेन्सिलींच्या ढलप्यांबरोबर खोबरेलाची एक लहान बाटली असते, हे त्याने पाहिले आहे.

घराघरांत असे जुने चाकू कपाटाच्या तळाशी पडलेले असतात. ते सगळे परत खिशात जावेत, असे नाही. काळ तसा नाही. परंतु घरातल्या मुलांना धारदार वस्तू हातात धरायला कधीच शिकवले नाही, तर त्यांना चाकूची ओळख होईल ती पडद्यावरून किंवा बातमीतून, आणि तिथे त्याचा एकच उपयोग दाखवला जातो. त्यापेक्षा घरातल्या मोठ्याने समोर बसून फळ चिरायला, दोरा कापायला, पाते पुसून मिटवायला शिकवावे. कापायचे काय आणि कापायचे नाही काय, हे त्याच वेळी सांगावे. आपल्या घरांत तरी हा धडा अष्टमी-चतुर्दशीच्या निमित्ताने पिढ्यान्पिढ्या दिला जात आला आहे. तो पुढच्या हातात देणे, एवढेच उरते.